विलायतेतल्या खिडकीत आमरी : पहिलं ऑर्किड निवडताना आणि घेताना



इकडे कुणाच्या वास्तुशांतीला, डोहाळजेवणाला किंवा दिवाळीच्या फराळाला जायचं म्हटलं की वाटेत सुपरमार्केटमधून ऑर्किडची एक कुंडी उचलायची, हे आता आपल्यात रूढच झालंय. दिसायला भारी, किंमत बेताची आणि फुलं दोन-तीन महिने टिकणारी. पण फुलं गळाली की बहुतेक घरांत ते झाड आधी बाथरूमच्या खिडकीत जातं आणि मग कचऱ्यात. "ऑर्किड आपल्याकडे जगत नाही बुवा" हे वाक्य मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणाच्या तरी तोंडून ऐकू येतंच. खरं तर नीट निवडलेलं साधं ऑर्किड दहा-पंधरा वर्षं सहज जगतं आणि वर्षातून एकदा तरी फुलतं.

आम्ही तीन-चार कुटुंबं गेली काही वर्षं हौसेनं ऑर्किड्स वाढवतो. आमच्यात वनस्पतिशास्त्र शिकलेलं कुणी नाही, बहुतेक सगळे संगणकवाले. त्यामुळे लॅपटॉप घेताना जसं वरच्या चकचकीत झाकणापेक्षा आत काय आहे ते बघतो, तसंच झाड घेताना बघायची सवय लागली. पहिलं ऑर्किड घेणाऱ्यांना आमचं एकच सांगणं असतं: फुलं सगळ्यात शेवटी बघा. मुळं आणि पाने आधी. ते कसं, हे या लेखात जरा सविस्तर.

आधी थोडी ओळख

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. कोकणात आणि घाटात आंब्या-फणसाच्या फांद्यांवर उन्हाळा संपता संपता गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब घोस लोंबताना अनेकांनी पाहिले असतील. ती सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. हीच आसामची राज्यपुष्प 'कोपौ फूल'. बरेच जण तिला बांडगूळ समजतात, पण ते खरं नाही. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. आमरी फक्त फांदीवर बसते, पाऊस आणि हवेतला ओलावा स्वतःच्या मुळांनी घेते. गंमत म्हणजे 'वंदा' हा संस्कृत शब्द अशा झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींसाठी होता, आणि कलकत्त्याच्या सर विल्यम जोन्स यांच्यामुळे तो थेट 'वांडा' या ऑर्किडच्या प्रजातीगटाचं शास्त्रीय नाव होऊन बसला.

ही माहिती नुसती करमणुकीसाठी नाही. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ऑर्किड्सचे पूर्वज असे झाडांवर राहणारे आहेत. त्यांच्या मुळांना माती नको, हवा हवी. पावसात चिंब भिजायचं आणि तासाभरात वाऱ्यावर सुकायचं, ही त्यांची सवय. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

एवढं स्वस्त कसं झालं?

व्हिक्टोरियन काळात इथे ऑर्किड म्हणजे निव्वळ श्रीमंतांचा शौक. झाडं जंगलातून ओरबाडून आणली जात. जोसेफ हूकर यांनी १८५० मध्ये खासी टेकड्यांतून निळ्या वांडाची सात माणसांच्या पाठीवर मावतील इतकी झाडं क्यू गार्डन्ससाठी गोळा केली, आणि त्यातली जेमतेम थोडी इंग्लंडपर्यंत जिवंत पोचली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १८५६ मध्ये एक्झिटरच्या व्हीच यांच्या नर्सरीत जॉन डॉमिनी यांनी तयार केलेलं पहिलं संकरित ऑर्किड फुललं. पण बी रुजवणं अवघडच होतं, कारण ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्यात रोपाला पुरेल असा अन्नसाठाच नसतो. निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीनं रुजतं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर बाटलीत बी रुजवून दाखवलं, आणि १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी ऊतिसंवर्धनाची वाट उघडली. आज हॉलंडच्या काचघरांतून लाखोंनी येणारी झाडं ही त्याचीच पुढची पायरी. म्हणून एकेकाळी सरदारांनी लिलावात घेतलेली वस्तू आज दहा-वीस पौंडांत दुधाच्या पिशवीशेजारी मिळते.

आधी आपलं घर बघा

ऑर्किड आवडलं म्हणून घेऊ नका, घराला मानवेल ते घ्या. तीन गोष्टी तपासायच्या: उजेड, रात्रीचं तापमान, पाणी.

उजेडासाठी पूर्वेची किंवा पश्चिमेची खिडकी उत्तम. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात छान, पण एप्रिलपासून तिथे पातळ पडदा हवा, नाहीतर पाने भाजतात. उत्तरेच्या खिडकीत झाड जगेल, पण फुलायला कुरकुर करेल. डिसेंबरात लंडनला जेमतेम आठ तास दिवस असतो आणि एडिनबरोला सातच, तेव्हा स्कॉटलंडातल्या मंडळींनी मिळेल तितका उजेड झाडाला द्यावा.

तापमानाचं म्हणाल तर सेंट्रल हीटिंगच्या फ्लॅटमध्ये फॅलेनॉप्सिस हाच शहाणा पर्याय. रुंद चपटी पाने, वाकलेला दांडा आणि पतंगासारखी फुलं, हेच ते सगळीकडे दिसणारं ऑर्किड. त्याला रात्री साधारण १६ अंशांच्या खाली जायला नको, दिवसा १९ ते ३० चालतं. म्हणजे आपल्याला जे सोसतं तेच त्याला. "हे फारच कॉमन आहे" म्हणून नाक मुरडू नका. कॉमन आहे ते चिवट आहे म्हणूनच.

सिंबिडियम दिसायला राजेशाही, पण त्याला शरद ऋतूत थंड रात्री लागतात, आणि उन्हाळ्यात जून ते सप्टेंबर बागेत सावलीत ठेवावं लागतं. घराला बाग आणि न तापवलेली कंझर्व्हेटरी असेल तर जरूर घ्या. वरच्या मजल्यावरच्या उबदार फ्लॅटमध्ये ते दुसऱ्यांदा फुलणं कठीण. डेंड्रोबियम दोन तऱ्हेची मिळतात. उसासारख्या खोडाच्या पेरापेरांवर फुलं असतील तर ते नोबिले जातीचं, त्याला हिवाळ्यात गारवा आणि कोरडी विश्रांती हवी. शेंड्यातून लांब तुरा निघाला असेल तर ते उष्ण हवेतलं, त्याला ऊब हवी. लेबलवर दोन्हींना नुसतं 'डेंड्रोबियम' लिहितात, म्हणून ही खूण महत्त्वाची. 'कॅम्ब्रिया' नावानं विकली जाणारी रंगीबेरंगी संकरितं नवशिक्यांना जमतात. मूळ कॅम्ब्रिया १९३१ मध्ये इंग्लंडमध्येच नोंदवलं गेलं. काचेच्या उंच फुलदाणीत मुळं लोंबकळत ठेवलेलं वांडा मात्र पहिल्या वर्षी नकोच. गोव्याला किंवा सिंगापूरला ते अंगणात फुलतं, पण इथे त्याला भरपूर उजेड आणि दमटपणा देता देता नाकी नऊ येतात.

पाण्याचं सांगायचं तर लंडन आणि आग्नेय इंग्लंडात नळाचं पाणी जड आहे, किटलीत साठणाऱ्या पांढऱ्या थरावरून कळतंच. तिथे पावसाचं पाणी साठवून वापरलेलं बरं. मँचेस्टर, ग्लासगोकडे पाणी मऊ असतं, तिथे ही काळजी नाही.

दुकानात काय बघायचं

आता मुख्य मुद्दा. यासाठी पाच मिनिटं लागतात, आणि दुकानात कुणी काही म्हणत नाही.

पहिल्यांदा कुंडी शोभेच्या भांड्यातून बाहेर काढा. फॅलेनॉप्सिस बहुधा पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत असतं, आणि ती आपल्या सोयीसाठी देवानं दिलेली खिडकी आहे. आत डोकावा. ओली असताना हिरवी आणि सुकल्यावर चंदेरी-राखाडी दिसणारी टणक मुळं म्हणजे झाड ठणठणीत. मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं, ते पाणी पितं तेव्हा पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग दिसतो. तपकिरी, लिबलिबीत किंवा आतून पोकळ, दोऱ्यासारखी झालेली मुळं म्हणजे ती कुजली आहेत. एखाद-दुसरं मूळ तसं असेल तर हरकत नाही. निम्म्याहून जास्त असतील तर फुलं कितीही सुंदर असोत, कुंडी परत ठेवा. मुळांच्या टोकाला ताजा हिरवा किंवा लालसर कोंब दिसला तर समजा झाड वाढीला लागलंय. कुंडीबाहेर वेडीवाकडी लोंबणारी हवेतली मुळं हा दोष नाही, ती कापायची नाहीत.

शोभेच्या भांड्याच्या तळाशी पाणी साचलंय का, तेही बघून घ्या. दुकानात रोज पाणी ओतणारा माणूस वेगवेगळा असतो, आणि प्रत्येकाला वाटतं कालच्यानं घातलं नसेल. आठवडाभर पाण्यात उभं राहिलेलं ऑर्किड बाहेरून ताजंतवानं दिसतं, पण मुळं आत गेलेली असतात. म्हणूनच आम्ही शक्यतो माल नुकताच आलेला असताना जातो. कुठल्या वारी माल येतो ते काउंटरवर विचारलं तर सांगतात.

मग कुंडी हलकेच हलवा. झाड कुंडीत डुगडुगत असेल तर त्याला धरून ठेवायला मुळंच उरली नाहीत असं समजा. वास घ्या. सालीचा, जंगलासारखा वास चांगला. आंबूस कुबट वास आला तर नको. कुंडीत झाडाच्या सालीचे जाड तुकडे असावेत. कितीतरी झाडांच्या मधोमध, रोप लहान असताना वापरलेला शेवाळाचा गच्च गोळा तसाच राहिलेला असतो. वरची साल कोरडी दिसते आणि आत गोळा ओलाच. हा दुकानात दिसत नाही, पण फुलं संपल्यावर कुंडी बदलताना तो आठवणीनं काढून टाकायचा.

यानंतर पाने. ती जाडसर, ताठ आणि मध्यम हिरवी असावीत. गर्द काळपट हिरवी पाने म्हणजे उजेड कमी पडलाय, लालसर-पिवळट झाक म्हणजे ऊन जास्त झालंय, दोन्ही सुधारतं. सुरकुतलेली, चामड्यासारखी लोंबणारी पाने मात्र पाण्याअभावी किंवा मुळं मेल्यामुळे होतात, आणि कुठल्या कारणानं ते मुळं पाहून कळतंच. सर्वांत खालचं एखादं पान पिवळं पडणं हे वयाचं लक्षण, घाबरू नका. वरचं, कोवळं पान पिवळं किंवा काळं असेल तर नको. पाने जिथून फुटतात तो मधला गाभा नीट पाहा. तिथे पाणी साचून काळपटपणा आला असेल तर गाभा कुजायला लागलाय, आणि फॅलेनॉप्सिसची वाढ त्या एकाच टोकातून होत असल्यामुळे असं झाड क्वचितच वाचतं. सिंबिडियम, कॅम्ब्रिया वगैरेंना कंदासारखी फुगीर खोडं असतात. ती भरदार हवीत, आणि बुडाशी नवा कोंब असेल तर फारच छान.

किडींसाठी पानाची खालची बाजू आणि पान-खोडाची बेचकी बघायची. कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. तपकिरी, चिकटलेले बारीक उंचवटे नखानं खरवडून निघत असतील तर खवले कीड. पाने चिकट लागणं हीदेखील बऱ्याचदा त्यांचीच खूण, मात्र फुलांच्या दांड्यावरचे मधासारखे स्वच्छ थेंब झाड स्वतःही सोडतं, तेवढ्यावरून झाड नाकारू नका. बारीक जाळी आणि रुपेरी ठिपके म्हणजे कोळी. एक किडकं झाड घरातल्या सगळ्या कुंड्यांना बाधतं, अगदी कढीपत्त्याच्या लाडक्या रोपालासुद्धा. इथे भिडस्तपणा नको.

आता फुलं! सगळी पूर्ण उमललेली निवडू नका, तिसरा हिस्सा उमललेली आणि बाकीच्या कळ्या टपोऱ्या, हिरव्या असलेलं झाड जास्त दिवस आनंद देतं. कळ्या पिवळ्या पडून गळत असतील तर झाडाला थंडी, कोरडी हवा किंवा प्रवासाचा फटका बसलाय. पाकळ्यांवर बारीक तपकिरी ठिपके हे ओलसर, कोंदट जागेत येणाऱ्या बुरशीचं लक्षण. दोन दांड्यांचं झाड बहुतेक वेळा एका दांड्याच्या झाडापेक्षा सशक्त असतं, थोडे पैसे जास्त पडले तरी घ्यावं. आणि निळंशार फॅलेनॉप्सिस? ते पांढऱ्या झाडाच्या दांड्यात रंग टोचून केलेलं असतं. पुढची फुलं पांढरीच येतात, आणि टोचलेल्या जागेतून संसर्गही होऊ शकतो.

कुठून घ्यावं

सुपरमार्केट वाईट नाही, पण दाराशी वाऱ्याच्या झोतात ठेवलेल्या कुंड्या टाळा. फुलं संपत आली म्हणून पिवळी चिठ्ठी लावून अर्ध्या किमतीत काढलेली झाडं हा आमचा आवडता खजिना. मुळं-पाने चांगली असतील तर पुढच्या वर्षीच्या फुलांसाठी यापेक्षा स्वस्त सौदा नाही. भेट द्यायला मात्र नको, यजमानांना वाटेल वाटेत फुलं गळाली! गार्डन सेंटरमध्ये निवड जास्त आणि झाडांची निगा बरी असते.

नावासह झाड हवं असेल तर ऑर्किडच्या खास नर्सऱ्या, किंवा ऑर्किड सोसायट्यांची प्रदर्शनं गाठा. ऑर्किड सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन १९५१ पासून आहे, आणि शहरोशहरी स्थानिक सोसायट्या आहेत. तिथले निवृत्त इंग्लिश काका-काकू नवख्या माणसाला अर्धा तास सहज समजावून सांगतात, वर घरच्या झाडाचा फुटवाही हातात ठेवतात. संकरितांच्या नावांची जागतिक नोंदवही रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी सांभाळते, तिची सुरुवात सेंट ऑल्बन्सच्या सँडर यांच्या १९०६ च्या यादीपासून झाली. म्हणजे लेबलवर पूर्ण नाव असेल तर झाडाचे आईवडील कोण ते शोधता येतं. (पत्रिका जुळवायला नव्हे, कुठल्या हवेतलं आहे ते कळायला!)

घेण्याआधी प्रकार डोळ्यांनी पाहायचे असतील तर क्यू गार्डन्सचा ऑर्किड महोत्सव हिवाळ्याच्या शेवटी भरतो. २०१७ चा महोत्सव तर भारतावरच बेतलेला होता. विझ्लीचं काचघर किंवा ग्लासगोची बोटॅनिक गार्डन्सही मुलांना घेऊन जाण्यासारखी.

ऑनलाइन घेताना झाडाचा, मुळांचा खरा फोटो मागा आणि कडक थंडीत मागवू नका. 'ऑर्किडचं बी' म्हणून मिळणारी पाकिटं, विशेषतः निळी किंवा माकडाच्या तोंडाची चित्रं लावलेली, ही शुद्ध फसवणूक. वर सांगितलंच की ते बी घरच्या कुंडीत रुजत नाही.

गावाहून आणू का?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. आजोळच्या फणसावरची सीतेची वेणी ओल्या रुमालात गुंडाळून बॅगेतून आणावी, असं कुणालाही वाटेल. आम्हालाही ती ओढ कळते. पण आणू नका. संपूर्ण ऑर्किड कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतं, त्यामुळे परवान्याशिवाय झाड सीमेपलीकडे नेता येत नाही. शिवाय ब्रिटनमध्ये आणायला झाडाच्या आरोग्याचा दाखला लागतो. १ जानेवारी २०२१ पासून युरोपातून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये येणाऱ्या ऑर्किड्सनाही हीच कागदपत्रं लागतात, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या सहलीतली कुंडीही त्यात आली. कागदांशिवाय विमानतळावर झाड जप्त होतं आणि कारवाईही होऊ शकते. आणि समजा निसटलं, तरी पावसाळा आणि कोरडा हिवाळा या चक्रावर वाढलेली ती वेल नसलेली वेणी इथल्या नोव्हेंबरच्या अंधारात झुरून मरते. ती फांदीवरच राहू द्यावी, आणि मे-जूनमध्ये गेलात तर मुलांना तिथेच दाखवावी.

घरी आणताना आणि पहिले काही आठवडे

हिवाळ्यात दुकानापासून गाडीपर्यंतचे पाच मिनिटंही कळ्यांना पुरतात. वरून कागद गुंडाळून घ्या, गाडी आधी गरम करा आणि झाड डिकीत ठेवून पुढच्या खरेदीला जाऊ नका. घरी आल्यावर प्लास्टिकचं वेष्टण काढा, आणि दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून वेगळं ठेवा, म्हणजे लपलेली कीड असली तर तेवढ्यात दिसते. फुलं असताना कुंडी बदलायची नाही. पाणी साधारण आठवड्यातून एकदा, मुळं चंदेरी झाली की, भरपूर घालून पूर्ण निथळू द्यायचं. बर्फाचा खडा ठेवण्याचा सल्ला कुठे वाचलात तर सोडून द्या. गाभ्यात पाणी पडलं तर टिपकागदानं टिपा.

रेडिएटरच्या थेट वर ठेवू नका. रात्री पडदा ओढल्यावर झाड काच आणि पडद्याच्या मध्ये अडकत असेल तर जानेवारीत ते आत घ्या. आणि स्वयंपाकघरात फळांच्या टोपलीशेजारी तर नकोच. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्यानं कळ्या पिवळ्या पडतात आणि फुलं दोन दिवसांत मलूल होतात. इतर वेळी केळी-सफरचंदांपुरती ही काळजी पुरते. एप्रिल-मेमध्ये हापूसची पेटी घरात आली की ऑर्किड दुसऱ्या खोलीत हलवा, पेटी संपेपर्यंत.